अपलोड किती?

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत "नेट स्लो आहे" एवढी तक्रार पुरते. केबलवाल्याचा मुलगा येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, आकडा नव्वदच्या वर गेला की "काका, येतोय की स्पीड" म्हणतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. त्याचं मोजणं खोटं नसतं. पण आमच्या घरात जे अडत होतं, ते त्या मोजण्यात येतच नव्हतं.

आई ऑनलाइन गाणं शिकवते. लंडनकडच्या मराठी मुलांचा वर्ग आपल्याकडे रात्री साडेआठला असतो. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले, शाळा नुकतीच सुटलेली. तिला मुलांचं गाणं स्वच्छ ऐकू यायचं. मुलांना मात्र तिचा आवाज तुटत तुटत जायचा. भूपातला एखादा आलाप मधूनच गायब. "आजी, तुमचा गंधार ऐकूच आला नाही," असं एखादी मुलगी सांगायची, आणि आई पुन्हा, जास्त जोर लावून गायची. एका रात्री तिनं मला विचारलं, "माझाच आवाज गेलाय का रे?" साठेक वर्षं गळा सांभाळलेल्या बाईवर लाइनच्या दोषामुळे स्वतःच्या आवाजावर शंका घ्यायची वेळ यावी, हे मला सहन झालं नाही. मी मोजायला बसलो.

वाय-फायवर मोजण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे कॉम्प्युटरवर वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची नावं खाली संपतच नाहीत, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ते सगळे एकमेकांवर बोलत असतात. म्हणून राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर लावली, टीव्ही आणि फोन बंद ठेवले आणि वहीत चार रकाने आखले: वेळ, पिंग, डाउनलोड, अपलोड. टेस्ट आधी एक छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती मिलीसेकंद लागतात ते बघते, तो पिंग. मग एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून काही सेकंद माहिती खाली ओढते आणि शेवटी तशीच वर ढकलते. आकडा मेगाबिटमध्ये येतो. फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, म्हणून आठनं भागायचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात.

पहिली गोष्ट लगेच दिसली. प्लॅन २०० चा, पण डाउनलोड पहाटे असो की दुपारी, ९४ च्या आसपासच. गर्दीमुळे घसरणारा आकडा वरखाली होतो. रोज एकाच जागी थांबणारा आकडा वायरचं दुखणं सांगतो. नेटच्या वायरीत आठ तारा असतात. १०० च्या पुढे जाणाऱ्या गिगाबिट जोडणीला आठही लागतात. त्यातल्या काही निकामी झाल्या की जोडणी चार तारांवर, म्हणजे १०० वर येते, आणि माहितीच्या पाकिटांवरच्या पत्ते-शिक्क्यांचा भार वजा जाता हाती ९४ उरतात. केबलवाल्याच्या मुलानं डक्टमधला कनेक्टर कापला तेव्हा आतलं तांबं हिरवं पडलेलं होतं. खाडी जवळ, हवा खारट, शिवाय चार महिने पाऊस. त्यानं नवा कनेक्टर क्रिम्प केला आणि डाउनलोड १९० च्या पुढे गेलं. तो खूश झाला. आईचा आवाज त्या रात्रीही तुटला.

कारण वहीच्या चौथ्या रकान्यात होतं. सकाळी अपलोड चांगलं असायचं. रात्री आठ ते दहाच्या वेळात ते एक एमबीपीएसच्याही खाली जायचं आणि पिंग काही मिलीसेकंदांवरून शेकड्यांत. आमच्या इमारतीला एकच सामायिक लाइन होती आणि तिच्यात अपलोडचा वाटा मुळातच तोकडा ठेवलेला. लोक कामावरून घरी आले, फोनला वाय-फाय मिळालं, की दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढू लागतात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही त्याच वाटेनं वर जातं. त्या रांगेत आईचा गंधार उभा राहायचा. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस अपलोड पुरतं, पण ते सलग हवं. सिनेमा बघताना आधी साठवून ठेवता येतं. गाताना पुढचा सूर आधी कसा साठवणार?

यात एकट्या केबलवाल्याला दोष देऊन भागणार नाही. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, हे सरकारनं २००४ मध्ये ठरवलं तेव्हा किमान वेग २५६ केबीपीएस होता. २०१३ मध्ये तो ५१२ झाला, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. पण व्याख्येत किमान वेग आहे तो डाउनलोडचा. घराला बघणारं, ऐकणारं, उतरवून घेणारंच समजलं गेलं आहे. घरातून कोणी शिकवेल, वैद्यकीय सल्ला देईल, मुलाखत देईल, याची व्याख्येत गणतीच नाही. करोनाच्या वर्षांत लाखो शिक्षक घरात बसून बोलत होते, तरीही नाही. अपलोडचा किमान आकडाही कायद्यात यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मी वहीची पानं सोसायटीच्या बैठकीत ठेवली. सकाळचे आणि रात्रीचे आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर चर्चा लांबली नाही. वरच्या मजल्यावरच्या एका डॉक्टरबाईंचीही हीच अडचण निघाली. पुढे घरोघर फायबर आलं, अपलोड डाउनलोडइतकंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याही प्लॅननं सुटत नाही. स्पीड टेस्ट आपण होऊन जवळचा, मुंबई-नवी मुंबईतला सर्व्हर निवडते. लंडनचा निवडला की पिंग शंभरच्या पुढे जातो. काचेच्या तंतूत प्रकाश मिलीसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो आणि लंडन सरळ रेषेतही सात हजार किलोमीटरवर; शिवाय समुद्राखालची केबल वळसे घेत जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात काही केबल तुटल्या, तेव्हा तिकडची बरीच वाहतूक आणखी दूरच्या वाटेनं वळवावी लागली. एवढ्या अंतरावर दोघांनी एका ठेक्यावर एकत्र गाणं शक्य नाही. आईनं ते आकडा बघून नाही, कानानं ओळखलं. आता ठेक्याचं ॲप मुलाच्या बाजूला चालतं. तिची ओळ संपली की ती थांबते आणि मूल आपल्याकडच्या समेवर ती ओळ उचलतं. गेल्या महिन्यात तिनं त्यांना झपताल सुरू केला.