पदवीधर वाढपीण

तुमच्या घरातली पदवीधर मुलगी उद्या म्हणाली, "मी हॉटेलात वाढायला जाते," तर तुम्ही काय म्हणाल? आमच्याकडे सध्या हाच विषय आहे. धाकट्या नणंदेचं बी. कॉम. झालंय. बँकेच्या परीक्षा द्यायच्या की आणखी काही, हे ठरेपर्यंत ती एका थाळीच्या हॉटेलात वाढते, आणि चक्क खुशीत असते!

तिची खुशी मला समजते. बी. ए. नंतर बी. एड. करायचं की नाही, या घोळात मीही सहा महिने हेच काम केलं. वाढायला आपण जन्मभर वाढतोच हो, पण तिथे त्याचा पगार मिळायचा! कुणाची आमटी संपली, कोण लाजून पोळी मागत नाही, हे दुरूनच ओळखायचं. आज वर्गात मागच्या बाकावरचं न विचारणारं पोर मला दिसतं, ते त्याच सवयीने. पाय मात्र रात्री भरून यायचे, खोटं कशाला सांगू?

उशिराच्या पाळीचं म्हणाल, तर महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा लागू असेल तिथे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय ठेवता येत नाही. घरी पोचवायची सोयही मालकाने करायची.

रविवारी नणंदेला पाहायला मंडळी येताहेत. सासूबाई म्हणतात, "हॉटेलचं काढू नका बाई." ती म्हणते, "वहिनी, मी लपवणार नाही." विषय निघाला, तर मी माझ्याही सहा महिन्यांचं सांगणार, असं ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.