चांदीचं जहाज

आमच्या गावात दुसऱ्या महायुद्धाची आठवण म्हणजे न परतलेल्या माणसांची यादी. बाणकोटपासून जयगडपर्यंत खाडीकाठच्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात विचारा. कुणाचा आजा, कुणाचा चुलता जहाजावर होता. "नेव्हीत होता," असंच घरचे सांगतात. पण यातले बहुतेक जण नेव्हीत नव्हते. ते मालवाहू किंवा प्रवासी जहाजांवर खलाशी, सुखाणी, टंडेल, सारंग होते. अंगावर गणवेश नाही, हातात बंदूक नाही, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. पाणबुडीचा टॉर्पेडो मात्र सगळ्यांना सारखाच लागायचा.

कागद शोधताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांचे कागद एका वाटेने जातात आणि कंपनीच्या जहाजावरच्या खलाशांचे अगदी वेगळ्या. नेव्हीकडे कितीही अर्ज करा, जो माणूस त्यांच्या पटावर कधी नव्हताच त्याचं नाव तिथे कसं सापडणार?

मी शोधत होतो अब्बांच्या मोठ्या चुलत्यांना. घरात त्यांच्याबद्दल तीनच गोष्टी माहीत होत्या. ते बीआय कंपनीच्या जहाजावर होते, म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन. ते गेले तेव्हा त्यांची बायको पोटुशी होती. आणि जहाजात चांदी भरलेली होती. ही तिसरी गोष्ट ऐकून आम्ही पोरं हसायचो. बुडालेल्या प्रत्येक जहाजात गावाने काही ना काही खजिना भरलेलाच असतो.

तेव्हा पोटात असलेली मुलगी म्हणजे आमची फुफू. आता तिची ब्याऐंशी उलटली आहेत. बापाने तिला पाहिलं नाही आणि तिने बापाला, फक्त मुंबईच्या एका स्टुडिओत काढलेल्या फोटोत. तिला मेडल नको होतं, पेन्शन नको होती. तिला तारीख हवी होती. "माझ्या आईने इद्दत केलीच नाही रे," ती म्हणायची, "कधीपासून मोजायची तेच कुणी सांगितलं नाही." नवरा वारला तर बाईने ठरलेला काळ इद्दत पाळायची असते. पण नवरा वारला आहे हे तिला कोण सांगणार? 1939 च्या कायद्याने चार वर्षं बेपत्ता असलेल्या नवऱ्यापासून मुस्लिम बाईला कोर्टातून सुटका मिळू शकत होती. आमच्या त्या दादीला हे कुणी सांगितलंही नसेल, आणि सांगितलं असतं तरी ती कोर्टात गेली नसती. ती वाट पाहत राहिली. हातातल्या बांगड्या तिने शेवटपर्यंत उतरवल्या नाहीत.

शेवटी धागा सापडला तो त्या हसण्यावारी नेलेल्या चांदीतच. एसएस तिलावा हे बीआयचं जहाज 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून आफ्रिकेला निघालं. त्यावर साडेनऊशेच्या वर माणसं होती. 23 नोव्हेंबरला, रात्र सरायच्या आत, आय-29 या जपानी पाणबुडीने दोन टॉर्पेडो मारून ते बुडवलं. 280 माणसं गेली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश क्रूझरने उचललं आणि 27 तारखेला मुंबईला आणलं. जहाजात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विकत घेतलेली चांदी होती, तिथल्या टांकसाळीसाठी. 2017 मध्ये एका कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्यातल्या 2,364 लगडी वर काढल्या. त्या कुणाच्या यावरचा खटला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिथे 2024 मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

म्हणजे गाव खरं बोलत होतं. लगडींचा हिशेब ऐंशी वर्षांनीही एकेका नगापर्यंत लागला, त्यांच्यासाठी मोठमोठे वकील उभे राहिले. खलाशाचं नाव शोधायला मात्र दुसऱ्याच दारातून जावं लागतं.

ते दार म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. आपल्याकडच्या खलाशांची तिथे नाहीत, ती मुंबई-चितगाव स्मारकाच्या नामावलीत आहेत. सुमारे सहा हजार हिंदी व्यापारी खलाशी, आणि त्यांच्यासोबत रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेच्या आसपास. मुंबईतली नामावली मस्जिद बंदरच्या खलाशांच्या होममध्ये ठेवलेली आहे. लोकलने त्या स्टेशनावरून आयुष्यभर गेलेली किती माणसं आमच्या घरात आहेत!

यादीत नावाने शोधू नका, हे कोकणातल्या प्रत्येक वाचकाला सांगतो. जहाजाच्या नावाने शोधा. खलाशी आपलं नाव तोंडी सांगायचा आणि कारकून ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहायचा. एका इब्राहिमचे चार इब्राहिम होतात, दाऊदचे तीन. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. तेव्हा आधी जहाज, मग हुद्दा, मग बापाचं नाव, मग जिल्हा अशी चाळणी लावायची. हुद्दाही कामाला येतो. आपली कोकणी माणसं बहुतेक डेकवर असायची, इंजिनकडे पंजाबी, पठाण, सिल्हेटी, आणि सलूनमध्ये गोवेकर. आगवाल्यांच्या नावांत रत्नागिरीचा माणूस शोधत बसलात तर दिवस जाईल.

आमचे दादा डेकवरच होते. नाव बरोबर, बापाचं नाव एक अक्षर सोडून बरोबर, जिल्हा रत्नागिरी, तारीख 23 नोव्हेंबर 1942.

फुफूला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "चांदाचा महिना कुठला होता?" बघितलं तर 1361 चा जिल्काद. आमच्या बायका त्याला खालीचा महिना म्हणतात, दोन ईदांच्या मधला, सणवार नसलेला. दादी दर बकरीदला नवऱ्याच्या नावाचा नवा सदरा शिवून ठेवायची, हे फुफूने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पहिला सदरा शिवला तेव्हा ते जाऊन महिनाही झाला नसेल.

"आईची इद्दत आता कशी करणार," ती म्हणाली, "पण फातिहा तरी नीट दिवशी होईल."

अजून एक कागद बाकी आहे. जहाजावर चढताना ज्या करारावर नाव चढतं आणि खलाशी अंगठा देतो तो, क्रू अ‍ॅग्रीमेंट. 1939 ते 1950 चे असे करार लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी 381 या मालिकेत आहेत, जहाजाच्या अधिकृत नंबराप्रमाणे लावलेले. हिंदी खलाशांचा करार पुष्कळदा वेगळा असायचा, म्हणून तो त्याच गठ्ठ्यात असेल असं धरून चालता येत नाही. तिथे राहणाऱ्या माझ्या भाच्याला जहाजाचा नंबर पाठवला आहे. त्याला सांगितलंय, पगाराचा रकाना राहू दे. अंगठ्याचा फोटो काढ, मोठा आणि स्पष्ट. फुफूला चष्म्याशिवाय दिसायला हवा.