एकदाच लिहिलेली नोंद

माझे आजोबा बेळगावात रविवार पेठेतल्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या हातच्या दोन वह्या आमच्या शहापूरच्या घरात अजून जपून ठेवलेल्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली विटलेले कुंकवाचे बोट. एक कीर्द, दुसरी खतावणी. दिवसभराचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने कीर्दीत मांडायचा आणि दिवेलागणीनंतर त्यातली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत चढवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ. दोन्ही वह्यांचा मेळ बसल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. आजी कंटाळून म्हणे, "अहो, एका पैशाचा तर फरक. सकाळी बघा की." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "पैसा एकच असेल, पण तो कुणाचा तरी आहे."

लहानपणी हे ऐकताना मला त्यात निव्वळ म्हातारपणचा हट्ट दिसे. पुढे बत्तीस वर्षे मी महाराष्ट्रातल्या एका मोटार-कारखान्यात खरेदी विभागात काढली, आणि त्या वाक्याचा अर्थ मला तिथे फार उशिरा कळला.

मोटारीच्या कारखान्यातील खरेदी म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन ध्यानी येत नाही. एका मोटारीचे बारीकसारीक स्क्रूपर्यंतचे सुटे भाग मोजले, तर ते तीस हजारांच्या घरात जातात. त्यांतले बहुसंख्य भाग कारखाना स्वतः बनवत नाही, शेकडो पुरवठादारांकडून घेतो. यांतला एक भाग जरी वेळेवर आला नाही तरी जुळणीची साखळी थांबते. लग्नघरी पंगत बसावी, सगळे वाढून व्हावे आणि मीठच नसावे, तशी गत होते. मग मिठासाठी कोणी धावत सुटतो आणि वाण्याने सांगितलेल्या भावाने ते घेऊन येतो. मी नोकरीला लागलो १९८६ साली, तेव्हा आमचे निम्मे आयुष्य या धावपळीतच जाई. धावपळ टाळायची म्हणून मग भांडारात वाजवीपेक्षा जास्त माल भरून ठेवायचा. तो गंजायचा, किंवा आराखडा बदलला की भंगारात जायचा.

या दुखण्यावरचा विचार अमेरिकेत १९६०च्या दशकातच सुरू झाला होता. जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने त्याची नीट मांडणी केली आणि १९७५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मूळ कल्पना अगदी सोपी आहे. किती मोटारी खपतील याचा अंदाज करावा लागतो, पण त्यांना चाके किती लागतील याचा अंदाज कशाला करायचा? तो हिशेब आहे. दोनशे मोटारी बनवायच्या, तर स्टेपनी धरून हजार चाके हवीत. दीडशे भांडारात आहेत, चारशे वाटेवर आहेत, म्हणजे साडेचारशे मागवायची. पुरवठादाराला पंधरा दिवस लागत असतील, तर मागणी पंधरा दिवस आधी गेली पाहिजे. हाच हिशेब तीस हजार भागांसाठी, रोज, प्रत्येक बदलासरशी नव्याने करायचा. माणसाच्या हातून ते होणे नाही. यंत्र ते सहज करते. पुढे या हिशेबाला भांडार, जमाखर्च, तपासणी, उत्पादन असे सगळे विभाग जोडले गेले, आणि १९९०च्या सुमारास त्या जोडकामाला 'एन्टरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग', म्हणजेच ई.आर.पी. हे नाव पडले. जर्मनीत १९७२ साली पाच अभियंत्यांनी आय.बी.एम. सोडून स्थापन केलेल्या सॅप या कंपनीने १९९२ मध्ये 'आर-थ्री' ही प्रणाली आणली आणि जगभरच्या कारखान्यांनी ती घेतली.

आमच्याकडे अशी प्रणाली १ एप्रिल २००० रोजी सुरू झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात जे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वडिलांच्या स्नेह्यांची एक लहानशी फाउंड्री होती. आम्ही त्यांना काका म्हणत असू. लहानपणी त्यांच्या भट्टीतून तांबडालाल रस साच्यात ओतताना मी तासन् तास पाहिला आहे. आमच्या कारखान्याला ते ब्रेक ड्रम पुरवत. माझ्या ओळखीने नव्हे. मी खरेदीत येण्याच्या आधीपासून त्यांचे नाव यादीत होते. जुलै १९९९ मध्ये त्यांनी सहाशे ड्रम पाठवले. बिल सव्वादोन लाखांचे. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ, पण काकांच्या फाउंड्रीत ती कित्येक आठवड्यांची मजुरी होती.

बिल मिळेना. आमची पद्धत अशी की, माल आला की फाटकावरच्या रजिस्टरात त्याची नोंद व्हायची, मग भांडारात माल पोहोचल्याची पावती कार्बन लावून चार प्रतींत लिहिली जायची. एक प्रत खरेदीला, एक तपासणीला, एक लेखा विभागाला, एक भांडारात. आमची ऑर्डर, ही पावती आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींचा मेळ बसला की पैसे सुटत. नियम चोख होता. पण एकच गोष्ट चार ठिकाणी चार हातांनी फिरत होती, आणि काकांच्या पावतीच्या प्रती कुठे गेल्या ते कोणालाच सांगता येईना.

दिवाळीच्या आधी काका स्वतः आले. रात्रीच्या गाडीने आले होते. हातात घरच्या चकल्यांचा डबा. मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून मला "साहेब" म्हणाला. मी त्यांना बसायला सांगितले, चहा मागवला, फाइल उघडली आणि सांगितले, "काका, माल पोहोचल्याची नोंदच नाही. नोंदीशिवाय मला काही करता येत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडे नोंद नसेल, साहेब. पण ते ड्रम गाड्यांना लागून रस्त्यावर धावताहेत."

मी काय करू शकलो असतो? फाटकावरचे जुलैचे रजिस्टर काढून ट्रकचा नंबर पाहणे, एवढेच. अर्ध्या तासाचे काम होते. पण त्या दिवशी दुसऱ्या एका भागावाचून जुळणी थांबली होती, टेलिफोन सारखा वाजत होता, आणि खरे सांगायचे तर ओळखीच्या माणसासाठी धावपळ केली असे कोणी म्हणू नये, ही भीतीही मनात होती. मी त्या भीतीला सचोटी समजलो. काका डबा टेबलावर ठेवून गेले.

फेब्रुवारी २००० मध्ये नव्या प्रणालीसाठी जुन्या नोंदींची साफसफाई सुरू झाली. संगणकात घाण घातली तर घाणच बाहेर येणार, म्हणून अपुऱ्या राहिलेल्या सगळ्या ऑर्डरी, सगळ्या पावत्या, भांडारातला प्रत्यक्ष माल हे सर्व पडताळायचे होते. त्या पडताळणीत अनेक गमती बाहेर आल्या. एकच बोल्ट तीन विभागांनी तीन सांकेतिक क्रमांकांखाली, तीन पुरवठादारांकडून, तीन दरांनी घेतलेला सापडला. आणि एका दुपारी माझ्या सहकाऱ्याने एक फाइल माझ्यापुढे ठेवली. नावातला पहिला शब्द सारखा असलेल्या दुसऱ्या एका फाउंड्रीच्या कागदांत काकांच्या सहाशे ड्रमची पावती होती, चारही प्रतींसकट, एकाच टाचणीत.

चेक टपालाने जाऊ शकला असता. मी रजा काढून तो घेऊन बेळगावला गेलो. फाउंड्रीत भट्टी थंड होती. काकूंच्या हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या होत्या, पाटल्या नव्हत्या. दिवाळीचा बोनस त्यांवर भागवला होता, हे मला दुसऱ्यांकडून कळले. काकांनी चेक वाचला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "बरं झालं बाळ, आलास ते. जेवूनच जा." साहेब हा शब्द गेला होता. तो गेल्याने मला हलके वाटायला हवे होते, पण तसे वाटले नाही.

ई.आर.पी.चे फायदे मोजताना लोक भांडारातल्या अडकलेल्या पैशांची बचत सांगतात, एकत्र खरेदीने उतरलेले दर सांगतात, जुळणी थांबण्याचे कमी झालेले प्रसंग सांगतात. ते सगळे आम्हीही अनुभवले. तीन क्रमांकांचा तो बोल्ट एका क्रमांकावर, एका दरावर आला. वर्षाच्या दराचा करार एकदा करायचा आणि आठवड्याआठवड्याचे वेळापत्रक पुरवठादाराला आपोआप जायचे, अशी घडी बसली. पण मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा वेगळा आहे. भांडारात माल उतरला की त्याची नोंद एकदाच होते, आणि त्याच क्षणी ती ऑर्डरीत वजा होते, साठ्यात जमा होते, लेखा विभागात देणे म्हणून उभी राहते. आजोबा दिवे लागल्यावर करत ते खतावणीचे काम, पण हात न बदलता. काही वर्षांनी पुरवठादारांनाही आपापल्या नोंदी पाहण्याची सोय झाली. आपला माल पोहोचला का, हे विचारायला कोणाला रात्रीच्या गाडीने येऊन कोणाला साहेब म्हणावे लागेनासे झाले. लहान पुरवठादाराची आर्जवे करण्यातून सुटका झाली, हे मी फार मोठे मानतो.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवावा असे मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटासारख्या कंपनीचे जपानमधले चौदाच्या चौदा जुळणी-कारखाने बंद पडले, आणि कारण काय, तर सुट्या भागांच्या मागणीची नोंद ठेवणाऱ्या संगणकात जागा संपली. पर्यायी यंत्रणाही त्याच पद्धतीची, म्हणून तीही अडकली. शिवाय पुरवठादाराचे गुण मोजणाऱ्या तक्त्याला, त्याचा माल उशिरा आला तो घाटात दरड कोसळल्यामुळे, हे ठाऊक नसते. ते कोणीतरी पाहून लिहावे लागते. चुकीच्या नावावर चढलेली नोंद संगणकातही चुकीचीच राहते, आणि कागदापेक्षा अधिक आत्मविश्वासाने सर्वत्र दिसते.

म्हणून प्रणाली सुरू झाल्यावर मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक सवय लावली. एखादा पुरवठादार माल पोहोचल्याचे सांगत असेल आणि पडद्यावर नोंद नसेल, तर "नोंद नाही" असे उत्तर देण्यापूर्वी फाटकापर्यंत चालत जायचे. मुले हसत. कारण मी त्यांना कधी सांगितले नाही.

२०१८ मध्ये निवृत्त होऊन बेळगावी परतलो. काका त्याआधीच गेले होते. फाउंड्री आता त्यांचा मुलगा पाहतो. भट्टी विजेवर चालते. मागच्या दसऱ्याला सोने द्यायला गेलो, तेव्हा त्याने खिशातून फोन काढून कौतुकाने दाखवले, सकाळी पोहोचलेल्या मालाची नोंद दुपारी त्याच्या हातात. "दादा, वडील असते तर त्यांना केवढी मौज वाटली असती," तो म्हणाला.

मी मान डोलावली. त्या दिवाळीच्या आधीची गोष्ट काकांनी घरी सांगितली होती की नाही, हे मी त्याला विचारले नाही. घरी येऊन आजोबांची खतावणी उघडली आणि मेळ बसलेल्या पानांवरून उगाचच बोट फिरवत बसलो.