जुनी तार

जुनी वस्तू टाकून देणे आमच्या घराण्यात कोणाला फारसे जमले नाही. धोतर फाटले की त्याचे पंचे होत, पंचे विरले की फडकी होत, आणि फडक्यांच्या शेवटी वाती होत. एकेका वस्त्राचा असा प्रवास मी लहानपणी पाहिला आहे. पुढे वीजखात्यात नोकरीस लागल्यावरही, काढून ठेवलेले तारेचे वेटोळे दिसले की ते कोठे उपयोगी पडेल, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नसे. त्या तीस वर्षांच्या नोकरीने मला एक गोष्ट मात्र शिकविली. जुन्या वस्तूला नवे काम सांगण्यापूर्वी ते तिला झेपेल की नाही, हे आधी पाहावे. या शिकवणीचा उपयोग सातासमुद्रांपलीकडे होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की या शहरी राहतो. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुने फिरते घर विकत घेतले. तिकडे त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. पाठीमागे उघडा हौदा असलेल्या मोटारीवर ही खोली बसवितात आणि प्रवास संपला की उतरवून ठेवतात. निजण्यापुरती जागा, एक शेगडी, पाण्याची टाकी, छोटासा फ्रिज आणि चार दिवे, एवढाच काय तो संसार! दिवे व पंखा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. पण त्या ज्योतीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला थोडी वीज लागतेच. बॅटरी उतरली की गॅस बंद होतो आणि फ्रिजमधील गारवा हळूहळू नाहीसा होतो.

इतरांच्या बाबतीत एवढ्याने दूध नासले असते, इतकेच. माझ्या भावाला मात्र मधुमेह आहे. इन्शुलिनच्या शिल्लक कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. मे महिन्याच्या अखेरीस त्याला चाको येथील प्राचीन अवशेष पाहावयास जायचे होते. तेथे तळ ठोकण्यास जागा आहे, पण विजेची सोय नाही. आणि त्याची बॅटरी तर दुसऱ्या रात्रीच मान टाकीत असे. भावजय मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आहात तोवर याची काही व्यवस्था करून द्या. त्या कुप्यांची काळजी मला झोपू देत नाही."

त्या प्रदेशात ऊन भरपूर. तेव्हा छतावर सौर तावदान बसवावे, असे ठरले. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारा सिलिकॉनचा घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगाला दाखविला, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच विजेत उतरत होता. आज बाजारात मिळणारी चांगली तावदाने २० टक्क्यांहून अधिक वीज देतात. आम्ही १०० वॉटचे एक तावदान आणले.

छताला नवे भोक पाडायचे नाही, हे आम्ही आधीच ठरविले. कारण छताचे भोक म्हणजे पावसाला आमंत्रण. फ्रिजची उष्णता बाहेर जाण्यासाठी छतावर एक झरोका होताच. त्यातून तार खाली सोडली. तेथून बॅटरीपर्यंतचे अंतर सुमारे ५ मीटर. भिंतीच्या आत दोन जुन्या तारा होत्या. एक बारीक, दिव्यांची. दुसरी जाड, फ्रिज बॅटरीवर चालविण्यासाठी मूळ कारागिरांनी घातलेली. तसा तो चालविला तर बॅटरी पाहता पाहता रिती होई, म्हणून ती तार कित्येक वर्षे निरुद्योगी पडून होती.

"दादा, ही दिव्याची तार हाताशीच आहे," भाऊ म्हणाला. "शेवटी तार ती तार! हिलाच जोडू या ना."

मी त्याला कागदावर गणित मांडून दाखविले. तारेतून जाताना वीज वाटेत थोडा कर भरते. तार जितकी बारीक आणि लांब, तितका हा कर अधिक. तावदानातून भर दुपारी सुमारे साडेपाच अँपिअर प्रवाह येणार. जाण्यायेण्याची वाट १० मीटर. बारीक तारेत जवळजवळ अर्धा व्होल्ट खर्ची पडला असता. जाड तारेत त्याच्या निम्म्याहूनही कमी. अर्धा व्होल्ट ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखविते आणि निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास! शिवाय त्या बारीक तारेवर दिव्यांचा भार होताच.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानेच पकड उचलली. जाड तारेची दोन्ही टोके जुन्या जोडणीतून सोडविली. ती मधे कोठे तुटलेली अथवा सोललेली नाही, याची मीटरने खात्री करून घेतली. प्रवाहावर नियंत्रण ठेवणारी पेटी बॅटरीच्या अगदी जवळ बसविली. ही पेटी बॅटरीची स्थिती स्वतःच्या टोकांवरील व्होल्टवरून ओळखते. ती दूर बसविली असती तर बॅटरी भरण्यापूर्वीच भरली असे समजून तिने हात आखडता घेतला असता. बॅटरीलगत फ्यूज घातला. तावदानाला बटण नसते, प्रकाश पडला की ते काम करू लागते; म्हणून काम संपेपर्यंत त्यावर घोंगडी टाकून ठेवली होती. प्रथम बॅटरी जोडली, नंतर तावदान, आणि घोंगडी दूर केली. मीटरवर ५ अँपिअरचा आकडा उमटला. भावजयीने देवाला हात जोडले.

चाकोला आम्ही तीन रात्री राहिलो. तेथील दगडी वास्तू इसवी सन ८५० ते ११५० च्या सुमारास प्युएब्लो लोकांच्या पूर्वजांनी उभारल्या. प्युएब्लो बोनितो या सर्वांत प्रसिद्ध वास्तूची मधली भिंत उत्तर-दक्षिण रेषेत आहे. सूर्याची गती निरखून आखलेली ती भिंत पाहताना, मोजमापाचा आदर करणारी ती माणसे मला फार जवळची वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने फ्रिज उघडला. तापमापकावर ४ अंश होते.

दिव्यांची ती बारीक तार आम्ही काढली नाही. ती अजून चार दिवे इमानाने उजळते. तिच्याकडून तेवढेच मागावे आणि जाड तारेला रिकामी ठेवू नये, यालाच मी काटकसर म्हणतो. घरातील माणसांनाही हा हिशेब लावता आला, तर कितीतरी घरे अधिक उजळतील!