काहिलीतला थेंब

आम्ही पोटासाठी कर्नेलच्या, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, चाचण्या लिहितो आणि हौसेने समीक्षा वाचतो. कोल्हापुरात ह्या दोहोंचा सांधा शोधायला दूर जावे लागत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या उकळत्या काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो आणि मगच काहील उतरवतो. अख्ख्या काहिलीविषयीचा प्रश्न थेंबाला विचारायचा, हीच युनिट टेस्ट.

साधा प्रोग्राम कोसळला तर एकटा कोसळतो. कर्नेलमधली एक चुकीची ओळ सगळे यंत्र बंद पाडू शकते. तरीही १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सच्या गाभ्यात 'केयुनिट' ही चाचणीची चौकट आली ती २०२०च्या जानेवारीत, ५.५ ह्या आवृत्तीत. तिच्यामुळे कर्नेल साध्या प्रोग्रामसारखा चालवून त्यातले एकेक फंक्शन सुटे तपासता येते.

तिथे 'एक्स्पेक्ट' फसले तर नोंद होऊन चाचणी पुढे चालते. 'असर्ट' फसले की तिथेच थांबते. आपल्या समीक्षेत हा विवेक क्वचितच दिसतो. अपेक्षाभंग झाला की आपण वाचनच थांबवतो.

मात्र सुटी तपासलेली फंक्शने एकत्र नांदतीलच असे नाही. दोन प्रोसेसर एकाच क्षणी एकाच स्मृतीला भिडले की होणारा घोटाळा बहुधा अशा चाचणीला दिसत नाही. सुट्या ओळीच्या रसग्रहणाला कविता निसटते, तसेच हे. गोळी वळली म्हणजे पाक झाला. ढेप पावसाळ्यात टिकेल की नाही, हे तिला विचारू नये.