निद्रेचा हिशेब



गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्हांस आठ दिवस सुरतेस राहण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी तरुण त्या शहरी पोटापाण्यासाठी गेलेले आहेत. सणावारी ते गावी येतात, नवे कपडे घालून मिस्साला बसतात आणि चार दिवसांनी परततात. परंतु तेथे ते कसे राहतात, काय खातात, केव्हा झोपतात, हे आम्ही कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यांची पापनिवेदने ऐकावीत आणि जमेल तितक्यांच्या खोल्यांवर जाऊन यावे, या हेतूने आम्ही निघालो. निघताना एका माउलीने नागलीच्या पिठाची पिशवी आमच्या हाती दिली व म्हणाली, "फादर, माझ्या पोराला बघून या. आताशा फोनवर तो धड बोलत नाही. नुसता हूं-हूं करतो. काही लपवतो का, ते विचारा."

नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी गाडी वाटेत नवापूरला थांबते. हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरील एका बाकाचीही तीच गत; एका टोकास बसणारा महाराष्ट्रात, तर दुसऱ्या टोकास बसणारा गुजरातेत! आमच्या मुलांचे जिणे थोडेफार या बाकासारखेच झाले आहे. कमाई तिकडे आणि जीव इकडे.

सुरत मराठी माणसास नवी नाही. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तिच्यावर स्वारी केली, तेव्हा तेथील कापुचिन मिशनरी फादर अ‍ॅम्ब्रोज यांच्या निवासस्थानास त्यांनी धक्का लागू दिला नाही, असे बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. आजची सुरत ही कापडाच्या मागांची व हिऱ्यांना पैलू पाडण्याची नगरी आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत हिंडताना अहिराणी व मराठी बोली ठायी ठायी कानांवर पडते. आणि त्या बोलीवर ताण करीत असतो तो मागांचा अखंड खडखडाट.

त्या माउलीचा मुलगा एका मागाच्या कारखान्यात कामास आहे. एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रात्रपाळी. प्रत्येक पाळी बारा तासांची. सायंकाळी सातास आत गेलेला माणूस सकाळी सातास बाहेर येतो. एका खोलीत सहाजण. तिघे कामावर गेले की त्यांच्याच अंथरुणांवर उरलेले तिघे आडवे होतात. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी बांधलेली होती.

"हे काय रे बाळा?" आम्ही विचारले.

तो प्रथम काही बोलेना. मग मान खाली घालून म्हणाला, "फादर, पहाटे चारला माग चालू असताना डोळा लागला. बोटं वाचली. आईला सांगू नका."

माउलीची शंका खरी होती. तो लपवीत होता. पण व्यसन नव्हे, कुसंगत नव्हे, तर झोप. किंबहुना झोपेचा अभाव.

त्याने आपला मोबाईल पुढे केला. एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने त्यात झोपेची नोंद ठेवणारे एक अ‍ॅप घेतले होते. रोज उठल्यावर ते अ‍ॅप शंभरांपैकी गुण देई. कधी बावन्न, कधी अठ्ठेचाळीस. "शाळेत नापास झालो, आता झोपेतही नापास!" असे म्हणून तो हसला, पण त्या हसण्यात फार थकवा होता.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. तसलेच अ‍ॅप आमच्याही मोबाईलमध्ये होते. चाळिशी उलटल्यापासून आमची झोप पातळ झाली आहे. एका परिचिताच्या सल्ल्याने आम्ही ते घेतले आणि काही आठवड्यांतच आमची अवस्था परीक्षार्थ्यासारखी झाली. रात्री अंथरुणावर पडताच, आज किती गुण पडतील, हीच चिंता. मध्यरात्री जाग आली की गुण कमी होणार, म्हणून आणखी जाग. सकाळी ताजेतवाने वाटत असले, तरी आकडा कमी दिसताच अंग जड होई! पुढे एका डॉक्टरांनी सांगितले की असे पुष्कळांचे होते. या नव्या व्याधीस अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली 'ऑर्थोसोम्निया' असे नावही दिले आहे. झोपेच्या आकड्यापायी झोप गमावणे, असा तिचा अर्थ समजावा.

मग हे आकडे खरे तरी किती? झोपेची खरी तपासणी रुग्णालयात होते. तेथे डोक्यास तारा लावून मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपतात, डोळ्यांची हालचाल व श्वास नोंदवितात. मिटलेल्या पापण्यांआड डोळे झरझर हालतात अशी झोपेची एक अवस्था असते, हा शोध शिकागो विद्यापीठात १९५३ साली अशाच नोंदींवरून लागला. उशाजवळ ठेवलेला मोबाईल मेंदूत डोकावू शकत नाही. तो केवळ हालचाल व आवाज यांवरून अंदाज बांधतो. जेथे तिघे शेजारी-शेजारी झोपतात, तेथे एकाचे घोरणे दुसऱ्याच्या नावे जमा व्हायचे!

तेव्हा, "ते गुण विसर," असे आम्ही त्या मुलास सांगणार होतो. परंतु त्याच अ‍ॅपमध्ये आणखी एक पान होते. केव्हा आडवा झालो, केव्हा जाग आली, केव्हा उठलो, हे तो स्वतः बोटाने भरीत असे. ते पान आम्ही दोघांनी मिळून वाचले. रात्रपाळीच्या पंधरवड्यात तो सकाळी साडेआठास झोपे. आणि रोज, अगदी रोज, दोन वेळा जाग आल्याची नोंद होती. एक दहाच्या सुमारास व दुसरी अकराच्या सुमारास. अकरानंतर पुन्हा झोप लागण्यास तासभर जाई, आणि दीड वाजता स्वयंपाकाच्या गडबडीने खोली जागी होई.

"अकराला काय होते रे?"

तो घुटमळला. "आईचा फोन येतो, फादर."

आम्हांस ते घर डोळ्यांपुढे दिसले. पाणी भरून, भाकरी थापून, गुरे सोडून झाल्यावर ती माउली घरामागच्या टेकाडावर चढते, कारण रेंज तेथेच मिळते. दिवसातली तिची तेवढीच एक मोकळी घटका. ती लेकराचा आवाज ऐकण्यासाठी उन्हात उभी राहते, आणि लेकरू अर्धवट झोपेत हूं-हूं करते. मग ती चिंतेने खाली उतरते व दुसऱ्या दिवशी अधिक काळजीने फोन करते.

"आणि दहाला?"

आता तो अगदीच गप्प झाला. आम्ही पुन्हा विचारले. तेव्हा म्हणाला, "दहाला तुमचा संदेश येतो ना, फादर."

वाचकहो, आम्ही रोज मिस्सा व न्याहारी आटोपली की धर्मग्रामातील सर्वांस मोबाईलवर शास्त्रवचन व आशीर्वाद पाठवितो. त्यामागून चाळीस-पन्नास जण "आमेन" लिहितात. प्रत्येक "आमेन"बरोबर त्या खोलीत एक घंटी वाजत होती. आवाज बंद का केला नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "आईचा फोन चुकला तर ती घाबरते. आणि तुमचा संदेश बंद करणं बरं दिसत नाही." त्याच्या बोटांवरील पट्टीकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस त्या क्षणी झाले नाही.

आम्ही त्याच्यापुरते काही नियम ठरविले. त्यांत नवे असे काही नाही. डॉक्टर हेच सांगतात. आपल्या शरीरात एक घड्याळ असते व ते मुख्यतः उजेडावर चालते. त्याच्या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून दिवसा झोपणाऱ्याने खिडकीस जाड काळे कापड लावावे. चहाचा अंमल कित्येक तास राहतो. म्हणून पाळीच्या उत्तरार्धात चहा घेऊ नये. वीसेक मिनिटे झोप आली नाही, तर तळमळत न पडता उठून शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे. मोबाईल हाताच्या अंतराबाहेर ठेवावा. ज्याचे घोरणे मध्येच थांबते, श्वास अडतो, दिवसा बसल्या जागी डुलकी येते, त्याने अ‍ॅप न पाहता डॉक्टर पाहावा. आणि मनाच्या काळजीने झोप उडाली असेल, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

अ‍ॅप सर्वस्वी टाकाऊ आहे, असेही आम्ही म्हणत नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ साली, निद्रानाशावर झोपेच्या गोळ्यांऐवजी 'स्लीपिओ' हे अ‍ॅप वापरता येईल, अशी शिफारस केली. त्यात सवयी बदलण्याचा काही आठवड्यांचा पाठ आहे. आपण रात्री जे विवेकपरीक्षण करतो, त्यासारखीच ही नोंद समजावी. दिवस कसा गेला हे प्रामाणिकपणे पाहायचे, चूक कोठे झाली ते ओळखायचे व उद्यासाठी एक निश्चय करायचा. स्वतःस गुण देत बसण्यासाठी विवेकपरीक्षण नसते. साध्या वहीतही ते काम होते.

परंतु बारा तासांची पाळी व सहाजणांची खोली कोणत्याही अ‍ॅपने सुधारणार नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा प्रश्न न्यायाचा म्हणून मांडला होता. तो आजही न्यायाचाच प्रश्न आहे.

गावी परतल्यावर आम्ही त्या माउलीकडे गेलो. बोटांचे सांगण्यास मुलाने आमच्याच आग्रहावरून संमती दिली होती. तिने सारे ऐकून घेतले. बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीच त्याला उठवत होते?"

"तुम्ही एकट्या नव्हे, बाई. आम्हीही." असे आम्ही म्हणालो.

आता तो सायंकाळी सहास, कामावर जाण्यापूर्वी, तिला फोन करतो. आमचा संदेशही सकाळी न जाता सायंकाळीच जातो. त्याची झोप आता सलग पाच, कधी सहा तास होते. पुरेशी नव्हे; पण बोलताना तो पुन्हा पहिल्यासारखा हसतो, असे त्याची आई सांगते. गुणांचे अ‍ॅप त्याने काढून टाकले व आम्हीही. रात्रीच्या प्रार्थनेनंतर आमचा मोबाईल आता कचेरीत राहतो. सेमिनरीत असताना रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळपर्यंत मौन पाळावे लागे. तेव्हा ते आम्हांस जाचक वाटे. त्यात केवढी विश्रांती होती, हे आता कळते.

प्रभू येशू वादळात नावेच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता आणि शिष्यांनी घाबरून त्यास उठविले. शिष्यांचा त्याच्यावर जीव होता, यात शंका नाही. आपलाही आपल्या मुलांवर आहे. तरी घरोघरच्या आईबापांस आमची एवढीच विनंती आहे: तुमचा मुलगा वा मुलगी दूर शहरी पाळीने काम करीत असेल, तर आज एकदा विचारा, "बाळा, तू झोपतोस केव्हा?" आणि ते उत्तर भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.