कॅमेराराव

फोनच्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात मुक्कामाला असतात ते कॅमेराराव. तुमची त्यांची भेट रोजचीच, पण घाईतली. टपरीवर चहाचे पैसे देताना ते क्यूआर कोडवर नजर टाकतात, बारशाला पाळण्यावर वाकतात, विसर्जनाला गर्दीच्या डोक्यांवरून डोकावतात. म्हटले, एकदा नीट ओळख करून द्यावी.

घराणे मोठे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांना अंतराळयानावर नेता येईल असा लहान, कमी वीज खाणारा कॅमेरा हवा होता. त्या खटपटीतून उजेड टिपणारा जो सीमॉस सेन्सर आकाराला आला, त्याचे वंशज आज आपल्या खिशात आहेत. २००० साली जपानमध्ये शार्पच्या जे-एसएच०४ या फोनवर राव अवतरले तेव्हा त्यांची ऐपत जेमतेम ०.११ मेगापिक्सेलची. पण भिंगाशेजारी एक इवलासा आरसा होता, स्वतःचा फोटो काढणाऱ्याला आपला चेहरा दिसावा म्हणून. सेल्फीची हौस अशी पाळण्यातलीच.

अंगकाठी मात्र किरकोळ. फोनची जाडी आठेक मिलिमीटर. तेवढ्यात पाच-सात प्लास्टिकची भिंगे एकावर एक रचायची आणि त्यांच्या तळाशी सेन्सर बसवायचा. मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. फोनमधला, महागड्या फोनमधलासुद्धा, साधारण सेंटिमीटरभर रुंद. एवढ्याशा जागेवर उजेड पडून पडणार किती? रावांच्या बऱ्याच खोडी उजेडाच्या या भुकेतून आल्या आहेत. पाठीवरचा तो उंचवटा त्यापायीच. दूरचे दिसावे म्हणून २०१९च्या ह्युवावे पी३० प्रोमध्ये तर ते चक्क आडवे झोपले: लोलकाने प्रकाश काटकोनात वळवला आणि भिंगे फोनच्या पोटात आडवी मांडली.

आता त्यांचा तोरा. विचारले की सांगतात, मी दोनशे मेगापिक्सेलचा. खरे आहे, पण एरवी ते शेजारशेजारचे सोळा ठिपके मिळून एक ठिपका करतात आणि तुमच्या हाती साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ठेवतात. त्यात फसवणूक नाही. वळचणीला अगदी लहान वाट्या मांडल्या तर एकेकीत थेंबभरच पाणी साचते; सोळांचे एकत्र ओतले तर काही हाती लागते. दुकानात मात्र वाट्यांची संख्या तेवढी सांगितली जाते.

उतावळेपणा तर विचारू नका. बऱ्याच फोनांत तुम्ही कॅमेरा नुसता उघडलात की राव सतत क्षण टिपत राहतात. तुमचे बोट बटणावर टेकते तेव्हा हवा तो क्षण त्यांनी आधीच धरून ठेवलेला असतो. नाचणाऱ्या पोराची उडी सापडते ती त्यांच्या या सवयीमुळे. अंधारात मात्र ते तुम्हाला थांबवून ठेवतात. एकामागून एक फोटो घेतात, हात हलल्यामुळे सरकलेले एकमेकांवर जुळवतात आणि सगळ्यांची सरासरी काढून रवाळपणा घालवतात. दिवे गेलेल्या गावाचा रस्ता त्यांच्या फोटोत डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसतो. ही त्यांची खरी विद्या, आणि मला तिचे मनापासून कौतुक आहे.

प्रकृती नाजूक. फोटो हलू नये म्हणून काहींचे भिंग तरंगते ठेवलेले असते. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून लांब पल्ला गाठणाऱ्यांना अॅपलने २०२१मध्ये बजावले होते की इंजिनाच्या थरथरीने ही यंत्रणा बिघडू शकते.

माणसाला न दिसणारेही त्यांना थोडेफार दिसते. टीव्हीचा रिमोट पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनांवर त्याच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकते. ती न दिसणारी अवरक्त किरणे. रिमोटचे सेल संपलेत का, हे पाहायला मला याहून सोपा उपाय ठाऊक नाही.

आणि आता स्वभावातली खोट. राव मनधरणी करणारे आहेत. तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधतात आणि तसे दाखवतात. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश नारिंगी झाले. लोकांनी फोन वर केले, तर कित्येकांच्या पडद्यावर आकाश राखाडी! उजेडातली रंगीत झाक काढून टाकायची सवय. उजेडच खरोखर नारिंगी असेल, हे त्यांना सुचलेच नाही. २०२३मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले आणि सॅमसंगच्या फोनने दुरून टिपले. चित्रात नसलेले बारकावे फोटोत उमटले. फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याचे तपशील ठळक करतो, असे कंपनीने सांगितले. कोजागरीला आपल्या फोनमधला चंद्र फारच देखणा आला, तर श्रेय रावांना द्यायचे की चंद्राला, ते ठरवा.

हे एक वेळ चालेल. चेहऱ्याशी केलेली लबाडी मला चालत नाही. न विचारता सावळा रंग उजळायचा, सुरकुत्या पुसायच्या, हनुवटी निमुळती करायची! उन्हात राबलेल्या बाईचा चेहरा पिठूळ करून दाखवणे हा तिचा अपमान आहे, आणि तो सुधारणा म्हणून विकला जातो याचा मला राग येतो.

कारण हेच राव सरळ चाकरीही करतात. १५ ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर जाऊन उभ्या पिकाचा फोटो जागेच्या नोंदीसह पाठवतो आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढते. तिथे कपाशी कपाशीच दिसावी लागते.

तेव्हा पुढच्या खेपेला आजीचा फोटो काढाल, तर सेटिंगमध्ये जाऊन ‘ब्युटी’ आधी शून्यावर आणा. बोटांच्या तेलाने माखलेले भिंग मऊ सुती कापडाने पुसा. आणि आजीला खिडकीपाशी, चांगल्या उजेडात बसवा.